खुर्ची एक, वर असेल त्यासह

शनिवार, ४ ऑक्टोबर

आलो एकदाचे! गल्लीतलं शेवटून दुसरं घर, मागे कपडे वाळत घालायला जागा, आणि आईसाठी खालची खोली. क्लेग्रेव्हला यायचं म्हटल्यावर आई महिनाभर तोंड फुगवून बसली होती. आज मात्र खिडकीशी तिची हिरवी खुर्ची मांडली आणि स्वारी खूश. समोरच्या बसथांब्यावर कोण उतरतं ते तिला इथून दिसतं, आणखी काय हवं?

शेजारची ग्लेनिस आल्याचा केक घेऊन आली. साठीची असेल, तोंडाळ आणि मनानं चांगली. विचारत होती, दोघी बायकाच का गं, मग जडबोजड कोण उचलणार? म्हटलं, बाई, मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांच्या बटाट्यांची पातेली उचलते, तुझंही काही असेल तर सांग. हसून हसून तिला ठसका लागला.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आधीच्या भाडेकरूच्या नावानं पत्रं येताहेत. रोनाल्ड फेन. खाकी पाकिटं, आत काय असणार ते न उघडताही कळतं. ‘इथे राहत नाहीत’ असं लिहून परत पेटीत टाकली.

ग्लेनिस म्हणाली, फेननं वर्षभर घरपट्टी थकवली होती; इथे ती भाडेकरूच भरतो. वसंतात गेला. सामानही गेलं, पण दारात ट्रक उभा राहिलेला कुणी पाहिला नाही. म्हटलं, तू खिडकीत असताना तुझ्या नजरेतून ट्रक सुटला? त्यावर ती हसली नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आजच्या पाकिटावर तिकीटच नाही, कुणीतरी हातानं टाकलंय. आत लिहिलंय, बेलीफ येणार, जप्ती होणार. नगरपालिकेला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकवून झाल्यावर एक बाई म्हणाली, फेनचं खातं कधीच बंद झालंय, तुमच्याकडे काही बाकी नाही, आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही.

ग्लेनिस म्हणाली, पाठवलं असो नसो, दार उघडू नकोस. घरपट्टीच्या वसुलीला आलेल्याला दार फोडता येत नाही, ढकलून शिरता येत नाही. आपण होऊन आत घेतलं तरच तो येतो. एकदा आला की मग त्याचंच राज्य. जे बोलायचं ते दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोल. मी आईला हे तीनदा बजावलं. आई म्हणाली, मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आला. दुपारी साडेतीनला, मी नुकतीच कामावरून परतले होते. लांब कोट, काखेत चामडी फाइल. नाव मार्चबँक. मी फटीतून ओरडले की फेन इथे राहत नाही, चूक झालीय तुमची. तो अगदी अदबीनं म्हणाला, बाईसाहेब, देणं माणसाचं नसतं, घराचं असतं. तुम्ही सावकाश दार उघडा, मला घाई नाही.

सहापर्यंत फाटकाशी पावसात उभा होता. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आई पडद्याआडून बघत होती आणि सारखी चुकचुकत होती.

सोमवार, २० ऑक्टोबर

आईनं त्याला आत घेतलं.

मी घरी पोचले तेव्हा टेबलावर दोन कप, बिस्किटांची बशी. काय करू, भिजून चिंब झाला होता बिचारा, असं ती म्हणाली. दारातल्या माणसाला पावसात ठेवून आपण चहा पीत बसायचं? तिच्या आईनं असं शिकवलं नाही म्हणे. त्याला म्हणाली, ये रे बाबा, दोन घोट घे आणि जा. दोन कप प्याला, आभार मानले आणि घरभर फिरून यादी केली. ही खाली सही करून मोकळी.

यादी वाचली. दूरदर्शन संच एक. कपाट एक. भिंतीवरचं घड्याळ एक. हिरवी खुर्ची एक, वर असेल त्यासह.

मी आईवर इतकी ओरडले की ती रडली. आता माझीच मला लाज वाटतेय.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

रात्री ती खुर्चीतच झोपली. पाय जड झालेत म्हणाली. मला वाटलं, रागावलीय.

सकाळी ग्लेनिस आली. आधी टीव्ही तिच्याकडे हलवून ठेवू असं ठरलं. तो बोटभरही सरकला नाही. दोघींनी जोर लावला. कपाट नाही, घड्याळसुद्धा भिंतीवरून निघेना. मग आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि आईकडे वळलो.

आई जेमतेम पंचेचाळीस किलोची. मी रोज याहून जड पातेली उचलते. एका काखेत मी, एका काखेत ग्लेनिस. ती हलली नाही. दुखलंही नाही तिला. उलट आम्हालाच हसत होती, एवढी का गं मी जाड झाले?

बुधवार, २२ ऑक्टोबर

डॉक्टर येऊन गेले. पाय ठीक आहेत म्हणाले. मग स्वतः उचलून पाहिलं. माझ्या नजरेला नजर न देता बॅग घेऊन गेले.

यादीवरच्या नंबरला फोन केला. पहिल्याच घंटेला मार्चबँकनं उचलला. मी म्हटलं, सगळे पैसे भरते, फेनचे, कुणाचेही, आकडा सांगा. तो म्हणाला, पैशांची वेळ मी उंबऱ्याबाहेर होतो तोवर होती. सोमवारी सकाळी दहाला माल उचलायला येतो.

मालच म्हणाला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

कामावर गेले नाही. आई खात नाही. भूक नाही म्हणते. हात गार, आणि त्यांना लाकडाच्या पॉलिशचा वास येतोय. धुतले. पुन्हा धुतले. मला भीती वाटते. लिहून टाकलं, की मला फार भीती वाटते.

शनिवार, २५ ऑक्टोबर

ग्लेनिसनं आज सांगितलं. वसंतात फेन तीन दिवस या खिडकीत बसलेला दिसला होता. तिनं हात केला, त्यानं केला नाही. चौथ्या दिवशी घर रिकामं. मी तिच्यावर चिडले, आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, बोलले असते तर तू ऐकलं असतंस?

आई आज दोनच शब्द बोलली. माझं नाव, दोनदा.

रविवार, २६ ऑक्टोबर

पुन्हा फोन. रडले, विनवलं. शेवटी तो म्हणाला, यादीत बदल होतो. एकाच्या जागी दुसरं, तेवढ्याच मोलाचं. घरातल्या बाईच्या राजीखुशीनं.

मोल कोण ठरवणार, असं विचारलं.

तुम्हीच, म्हणाला.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दहा वाजता दार मीच उघडलं. सही केली. त्यानं एक ओळ खोडली, एक लिहिली.

आई उठली! सहा दिवसांनी, आपल्या पायांनी. कोट कुठाय विचारलं. तिला सांगितलं, तपासणी आहे, ग्लेनिस गाडीनं नेतेय, मी मागून येते. माझ्या कपाळावर ओठ टेकवून गेली. तिला कळलं नाही. कळलं नसावं.

मी खुर्चीत. पाय नाहीतच असं वाटतंय — दुखत नाही. तो कपाट उघडून बघतोय, शीळ घालतोय हळू. वहीही यादीत आहे म्हणाला, पण लिहा, वेळ आहे.

दार उघडंच. लावायला उठता येत नाही —

गाडी अजून फाटकाशी. का निघत नाही? ग्लेनिस, चल ना —

आई उतरली. ग्लेनिस तिचा हात धरतेय, ती झटकतेय. खिडकीतून माझ्याकडे बघतेय. कळलंय तिला. सगळं कळलंय.

मी ओरडतेय. आवाज नाही —

फाटक उघडलं. त्यानं नवं पान काढलं —

आई, उंबऱ्यावर थांब. मी ठरवलंय मोल, माझं मी, तू आत येऊ