चासीची पट्टी

७ जुलै, सकाळी ७.४०
टॉर्च आणखी तिरपा धरला आणि तडा दिसला. स्टिअरिंग बॉक्स चासीला ज्या बोल्टांनी धरला आहे, त्यातल्या पुढच्या बोल्टपासून खाली. लांबी चार सेंटिमीटर. केसासारखा बारीक. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.
सत्यशीला पर्स आणि डबा घेऊन गेटपाशी उभी होती. आजपासून तिला जीपने शाळेत सोडणार होतो. तिची बदली जांभूळपोडला झाली म्हणूनच ही जुनी जीप लिलावात घेतली. आर्णीपासून एकतीस किलोमीटर. शेवटचे सात कच्चे, मध्ये दोन नाले. जीपखालूनच तिला सांगितलं, आज शक्य नाही, सेफ्टीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मंग काळीपिवळीनं जाते. मी म्हणालो, फक्त आठवडाभर.

७ जुलै, संध्याकाळ
काळीपिवळी चौदा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. सत्यशीला फाट्यावर उतरली, सात किलोमीटर चालली, साडेअकराला पोचली. शाळा साडेदहाची. आठवडाभराचाच प्रश्न आहे.

९ जुलै
स्टँडमागच्या गोविंदा वेल्डरकडे गेलो. त्याने येऊन खाली पाहिलं, हातोडीने दोनदा ठोकलं. म्हणाला, सर, पट्टी मारून देतो, अर्ध्या घंट्याचं काम हाय, चहा पेत बसा. विचारलं, कुठल्या ग्रेडची पट्टी? म्हणाला, लोखंडाची.
उठून आलो. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो.
संकल्प: हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायचा. रविवारपर्यंत निर्णय.

१३ जुलै, रविवार
पर्याय असे. एक, साधी पट्टी वरून वेल्ड करणे. दोन, चासीला तिन्ही बाजूंनी धरणारी वाकवलेली प्लेट. तीन, बोल्टच्या भोकांत आतून नळ्या बसवणे, म्हणजे बोल्ट आवळताना चासी दबत नाही. चार, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे आडवा दांडा. शिवाय यांची मिश्रणं. एक्सेलमध्ये तक्ता केला. नऊ व्हिडिओ पाहिले. एकात एक अमेरिकन गृहस्थ दगडांवरून गाडी चढवतो. त्याच्याकडे आपल्यासारखे नाले नाहीत, पण तत्त्व तेच.
निर्णय पुढच्या रविवारी.

२८ जुलै
सत्यशीलाने गमबूट घेतले. फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवते, सकाळी घालते, संध्याकाळी काढते. व्यवस्था चांगली बसली आहे. त्यामुळे मला घाई करायचं कारण उरलं नाही. घाईत चुका होतात.

८ ऑगस्ट
इंग्रजी फोरमवर प्रश्न टाकला होता. आज टेक्सासहून उत्तर आलं. त्यांनी टायरची साइझ विचारली. बाहेर जाऊन मोजली, कळवली. त्यांनी अंगठा पाठवला. इतक्या दुरून मिळालेला हा दुजोरा. सत्यशीलाला दाखवायला गेलो. ती मोरीत पाय धूत होती. म्हणाली, त्याले इचारा, नाल्यातून कसं जायचं ते.
विचारायला हरकत नाही. पण तो वेगळा थ्रेड होईल.

२२ ऑगस्ट, पोळा
बैल गल्लीतून गेल्यावर शेजारच्या अश्वजितने आमच्या जीपच्या बंपरला गोंडे बांधले, बॉनेटवर बेगड चिकटवली. म्हणाला, याचीबी पूजा करा सर, हा बैल तर बसूनच हाय. सगळी गल्ली हसली. सत्यशीलाही हसली, मग आत जाऊन तिने खरोखरच कुंकू आणि पुरणाची पोळी आणली. माझ्याकडे न पाहता बंपरपुढे ठेवली.
मी हसलो नाही. एवढं वजन पेलणाऱ्या यंत्राबद्दल लोकांना काही कळत नाही.

४ सप्टेंबर
निर्णय झाला. वाकवलेली प्लेट आणि आडवा दांडा, तयार किट. ऑर्डर दिली. छाती हलकी झाली.
सत्यशीला आज पहिल्या नाल्यात पडली. तिकडे जाणाऱ्या आरोग्यसेवकाच्या मोटरसायकलवर मागे बसली होती. कोपर सोललं, हजेरीपट भिजला. हजेरीपट चुलीजवळ एकेक पान उघडून वाळवत बसली होती. वाळवता वाळवता म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत गाडी झाली नाही, तर मी तिथंच खोली करते. इंदूबाईच्या घरी एक खोली खालीच हाय. इंदूबाई म्हणजे तिथल्या अंगणवाडीची मदतनीस.
मी म्हणालो, दिवाळी कशाला, दसऱ्याच्या आत. गंमत करते. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली.
तिच्या कोपराकडे पाहून वाटलं, मजबुतीचं महत्त्व आता तिलाही पटलं असेल.

२३ सप्टेंबर
किट आलं. काळं, गुळगुळीत, कडांना हात लावावासा वाटणारं काम. जीपखाली गेलो. बसेना. फिरवून पाहिलं. बसेना. पाऊण तासाने लक्षात आलं. प्लेट चासीच्या डाव्या अंगाची आहे. किट अमेरिकेचं, आणि त्यांच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं.
सत्यशीलाचा कंगव्याजवळचा आरसा आणून प्लेटसमोर धरला. आरशात अचूक बसते. म्हणजे निवड बरोबर होती.
किट परत घेत नाहीत. पुन्हा तक्त्यापासून सुरुवात. या वेळी अनुभव गाठीशी आहे.

९ ऑक्टोबर
सत्यशीलाला कारणे दाखवा नोटीस आली. शाळेत एकोणीस वेळा उशीर. सात दिवसांत खुलासा. तिने नोटीस देवघराच्या फळीवर, बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवली. जेवली नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिला साधी तोंडी समजसुद्धा कुणी दिली नव्हती.
खुलासा मी लिहितो म्हणालो. ती काही बोलली नाही, म्हणजे होकार.

१२ ऑक्टोबर
खुलासा तयार. तीन पानं. रस्त्याची अवस्था, चासीवर येणारं बळ, उपलब्ध पर्यायांचा तुलनात्मक विचार. दोन आकृत्या. दुसरी विशेष जमली. साहेबांना समजेल अशी आहे.

१८ ऑक्टोबर
सत्यशीलाने खुलासा परवाच देऊन टाकल्याचं आज कळलं. माझा नाही. तिच्या खुलाशाची नक्कल फ्रिजवर होती. दोन ओळी. उशीर झाला हे खरं आहे. सुट्टीनंतर मी जांभूळपोडलाच राहीन.
माझी तीन पानं स्वयंपाकघरात होती. तिने त्यांवर चकल्या निथळायला ठेवल्या होत्या. आकृती दोनमधून तेल पार झालं होतं.
चकली खुसखुशीत झाली आहे, एवढं मी तिला सांगितलं.

१ नोव्हेंबर
इंदूबाईचा मुलगा श्रावण ट्रॅक्टर घेऊन आला. खाट, गॅस, एक पेटी, टेबलफॅन, गमबूट. ट्रॉली अर्धीसुद्धा भरली नाही. श्रावणने विचारलं, सर, जीप बंद हाय का? म्हणालो, बंद नाही, सिलेक्शन चालू आहे. समजल्यासारखी मान हलवून तो ट्रॅक्टरवर चढला.
सत्यशीला ट्रॉलीत खाटेवर बसली. म्हणाली, दूधवाल्याले अर्धा लिटर सांगून ठेवलं हाय, एकट्याले पुरते. मी म्हणालो, फक्त आठवडाभर. ती म्हणाली, हो.
तात्पुरती व्यवस्था आहे. घर शांत राहील. शेवटच्या दोन पर्यायांवर एकाग्र होता येईल.

४ नोव्हेंबर
दूध नासलं. एकही व्हिडिओ पाहिला नाही.

६ नोव्हेंबर
तिला फोन केला. तिथे रेंज शाळेच्या ओट्यावरच येते. म्हणाली, आता पोरं साडेनऊलाच येऊन बसतात, मी दिसते म्हणून. आवाज बरा होता. पुष्कळ दिवसांत इतका बरा ऐकला नव्हता. तिने जेवणाचं विचारलं. मी खिचडी म्हणालो. कालही खिचडीच होती, हे सांगितलं नाही.
फोन ठेवल्यावर तक्ता उघडला. कुठला रकाना कशासाठी केला होता, ते पटकन आठवेना.

८ नोव्हेंबर
जीप हळूहळू गोविंदाकडे नेली. तो म्हणाला, सर, मले वाटलं तुमी यवतमाळवरून करून आणलं. मी म्हणालो, अभ्यास करत होतो. तो म्हणाला, मंग पास झाले का? कोपऱ्यातून पट्टी उचलली, कापली, तड्याच्या टोकाला भोक पाडलं म्हणजे तो पुढे पळत नाही, आणि वेल्डिंग मारलं. पंचवीस मिनिटं. चहाचा दुसरा कप अजून गरम होता. मॅडम बऱ्या हायेत ना, एवढंच त्याने विचारलं.
घरी येऊन तक्ता पाहिला. हा पर्याय एक. म्हणजे निर्णय मुळात जुलैतच झाला होता. मधला काळ पडताळणीचा.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७, जांभूळपोड
दोन्ही नाले पार. स्टिअरिंग कणभर हललं नाही. पोरं लांबून पळत आली. सत्यशीला भाकरी थापत होती, ती सोडून बाहेर आली. तिने बॉनेटवर हात ठेवला. पिठाचा पंजा उमटला. चांगली झाली, म्हणाली.
मी जाहीर केलं, उद्यापासून आर्णीहून सकाळी साडेआठला निघायचं, साडेदहाच्या आत शाळेच्या दारात. ती म्हणाली, म्हणजे आता मले आर्णीले न्यायचं, अन् सकाळी पुन्हा इथंच आणून सोडायचं? मी हो म्हणालो. इंदूबाई तोंडाला पदर लावून आत गेली.
यावर सर्व बाजूंनी विचार करावा लागेल. सध्या मुक्काम इथेच. खाट एकच आहे, सतरंजी मिळाली. पण उद्या तिला शाळेत जीपनेच सोडणार. शब्द दिला होता.

१० नोव्हेंबर
सकाळी साडेनऊला जीप सुरू करून दारात उभी केली. सत्यशीला पोरांसोबत शाळेत चालत गेली. चार मिनिटं लागली.