धुरपताने मान हलवली

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९६१, घाटंजी

तांड्यावरच्या धुरपताचे फुटलेले आतडे मी शिवले, त्याला आज चार दिवस झाले. पोट अजून टम्म, नाकात नळी, तोंडी पाण्याचा थेंब नाही. रोज विचारतो, "बाई, वारा सरला का?" घुंगटाआड मान नाही म्हणून हलते. वारा सरला, तरच आतडी चालू झाली म्हणायची. आतडी नुसती सुस्तावलीत, की टाका सुटला? उद्या पुन्हा पोट उघडायचे ठरवले. दुसऱ्यांदा टेबलावर टिकेल ती? मला वाटत नाही.

संध्याकाळी सिस्टरने तिला धरून व्हरांड्यात चालवले. परत आल्यावर मला म्हणाली, "डॉक्टर, तिचा वारा कालच सरला."

"मग मान काहून हलवते?"

"सासरा खाटेपाशीच बसून राह्यते ना. त्याच्यापुढं कशी सांगन थे?"

पोटाला स्टेथस्कोप लावला. बारीक गुडगुड होती. सकाळीही भासली होती. मी त्या मानेवर विश्वास ठेवला. म्हाताऱ्याला एकदा बाहेर पाठवायचे मला सुचू नये?

उद्यासाठी काढलेली हत्यारे परत कपाटात ठेवताना म्हातारा दारात आला. "सायेब, उद्या सुनेचं पोट चिरता नं?"

"नाही."

"काहून?"

चार दिवस त्याच्यासमोर बेधडक विचारत होतो. आता माझीच मान नुसती हलली.