तुझ्याजवळ सुटलेला अंगठा

पुष्पा,

“पक्के दात यायच्या आत अंगठा सोडवा, नाहीतर वरचे दात पुढे येतील,” असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू बाजूलाच होतीस. मी निवूच्या अंगठ्याला कडुनिंब लावला, चिंधी बांधली, गुरुवार धरले. तू नुसते तिचे हात हातात धरून तिला निजवलंस आणि अंगठा सुटला.

सुटला तर पायी शेगावला येईन, असं मी महाराजांना बोलले होते. पण जायचं म्हणजे रात्री तिला तुझ्याजवळ ठेवायचं, म्हणून टाळत राहिले. काल दुपारी ती “मले पुष्पाकाकूजवळच निजायचं” म्हणाली, तर मी दाराची कडी लावली. रडून रडून पोर पुन्हा अंगठा तोंडात घालून झोपली. माझ्या हट्टापायी तिचे दात बिघडायला नकोत.

आज तिला तुझ्याजवळ निजव. आई कुठे गेली असं तिनं विचारलं तर सांग; नाही विचारलं तर तेवढं मला सांगू नकोस. भाऊजींचा डबा भरून ठेवलाय. उद्या संध्याकाळी येते. तुम्ही सगळे उठायच्या आत अनवाणीच निघते.

— ताई