फायटर माशाच्या टाकीचा पन्हा

चि. कौशल्येला नागपूरहून मोठ्या बहिणीचे, मैनाचे, पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत वं? उमरेडच्या थंडीत शेकत जा. माझी तब्येत तुझ्यापेक्षा बरी आहे, हे तुले आवडणार नाही. पत्र सूनबाई लिहून राहिली. (सरिता, मी सांगते तेच लिही. मले वाचता येत नाही, पण पेन थांबलं की ऐकू येते.)

आमचा नातू पंकज नोकरीसाठी पुण्याले गेला अन् जाताना त्याचा फायटर मासा माझ्या गळ्यात टाकून गेला. बोटाएवढा, लाल, शेपूट जरीच्या पदरासारखं. दुसरा मासा दिसला की भांडते, म्हणून एकटाच ठेवा लागते. (मले भांडाले सरिता आहे, त्याले कोणी नाही.) लोणच्याच्या बरणीत तो मलूल झाला, म्हणून आम्ही सक्करदऱ्याच्या दुकानात टाकी पाह्याले गेलो. दुकानदार विचारते, आजी, किती लिटरची? मी म्हटलं, लिटर दुधाले असते बापू, तू पन्हा सांग, या काठापासून त्या काठापर्यंतची रुंदी. जन्म हातमागाजवळ गेला, मले दुसरं माप येत नाही. साडीच्या पन्ह्याएवढी टाकी होती त्याच्याजवळ, पण किंमत ऐकून सरितानं माझ्यासाठी स्टूल मागितला. शेवटी पेन्शनीत बसली ती दीड हाताची आणली.

भरल्यावर टेबल करकरलं, म्हणून टाकी खाली ठेवली, तुझ्या भाऊजीचा पाय सोडून विणाले बसाचा मागाचा खड्डा होता तिथं. ते गेल्यावर तो बुजवून वर फरशी बसवली. (मागावरची साडी अर्धीच राहिली होती, तुले ठाऊक आहे.)

तवापासून दुपारची जेवणं झाली, घर शांत झालं, की टाकीतलं पाणी हलते. मागाचा ठोका पडल्यासारखं, एका लयीत. अन् मासा मागावर सूत नेणाऱ्या धोट्यासारखा या काठावरून त्या काठावर. काचेवर आपटते, फिरते, पुन्हा आपटते. दमला तरी थांबत नाही. शेपटीच्या कडा उसवून गेल्या. सरिता म्हणे, रस्त्यानं ट्रक जातात, आई. पण फरशीवर चहाचा कप ठेवला की पाणी निवांत होते, चहावर साय धरेपर्यंत. मग पुन्हा सुरू. ट्रकाले काय करायचं आहे वं, चहा गरम आहे की थंड? तुझ्या भाऊजीले मात्र थंड चहा कधी चालला नाही.

एवढ्याशा जागेत हा मुका जीव मरून जाईल, याचीच मले काळजी. बाकी सारं ठीक.

तुझी,
मैना

ता. क. तुझ्या जावयाच्या बंद दुकानातला साड्यांचा काचेचा शोकेस धूळ खात पडला आहे. बरोबर पन्ह्याएवढा. तुझ्या पोराच्या, रुपरावच्या टेम्पोत टाकून पाठव. सांधे इथला काचवाला भरून देईल.

आणखी एक. मासा मी सोमवारीच बरणीत परत टाकला. आता त्याले बरणीच बरी वाटते, खाऊनपिऊन मजेत आहे. शोकेस त्याच्यासाठी नाही, दीड हातात साडी पुरी होत नाही. टाकीत मासा नाही, तरी पाणी हलूनच राहिलं. (सरिता, पेन काहून थांबलं? मामंजी चहात साखर किती घेत होते, हे सकाळी तूच विचारलं ना मले? लिही.)