ड्रमवाल्याचा पाय

चि. धाकट्यास, मोठ्या भावाचे आशीर्वाद.

काल दुपारी तुमच्या ब्लूजच्या, त्या इंग्रजी रडगाण्यांच्या, कार्यक्रमात मी एकटाच नाचत राहिलो, तेव्हा तू स्टेजवरून केवढा खूश होऊन हात हलवलास! ‘दादाने लाज सोडली एकदाची,’ असं तुला वाटलं असणार. शहाण्या, मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी ड्रमवाल्याच्या पायाकडे बघून नाचत होतो. गाणं संपलं, सगळे थांबले. त्या गृहस्थाचा पाय मात्र सवयीने हलत राहिला, म्हणून मीही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, आता सुधारणा नाही. न्यायदर्शनात शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण, असं मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. आकाश जागेवर आहे, गुण तेवढा गेला.

“रडायला बँड कशाला लागतो रे?” म्हणून मी तुला चिडवायचो. तू म्हणायचास, “दादा, एकदा येऊन ऐक, मग बोल.” काल आलो. पहिल्या रांगेत बसून तुझे हलणारे ओठ बघितले.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस की तू लगेच फोन करशील, आणि तो वाजत राहील.

तुझा नाचरा,
दादा