घडीच्या गाडीतला पंखा

१२ जानेवारी, सोमवार
सायं. अंगणातील घडीच्या गाडीचा पंखा तपासण्यास घेतला. ही गाडी चि. अविनाशने मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या कुटुंबाकडून विकत घेतली. हँडल फिरवले की छप्पर वर उचलले जाते, कापडी भिंती ताठ होतात आणि चार माणसे निजतील एवढी खोली तयार होते. छपराच्या मध्यभागी आतील हवा बाहेर फेकणारा लहानसा पंखा आहे. तो बंद.
चि. म्हणाला, "अण्णा, राहू द्या ना. दत्ता एसी बघायला येईल तेव्हा बघेल."
चाळीस वर्षे जळक्या मोटारींत नवी तार कोणी भरली? दत्ताने?
हे बोललो नाही. येथे लिहून ठेवतो.

१३ जानेवारी, मंगळवार
फ्यूज शाबूत. बॅटरी भरलेली. बटण ठीक. मोटार उतरवून नाकाशी धरली. जळका वास नाही. थेट बॅटरीस जोडली, तत्काळ फिरली. मोटार निर्दोष आहे. दोष वाटेत कोठेतरी आहे.
जेवताना चि.ने पुन्हा पत्राचा विषय काढला. विट्यातील माझा वायंडिंगचा गाळा सोडत असल्याचे पत्र त्याने टाइप करून ठेवले आहे, सही तेवढी माझी व्हायची आहे. गाळामालकास महिनाअखेर उत्तर हवे. पत्नी कुसुम गेल्यापासून तेथे मी एकटा असतो. चि.चे म्हणणे, मी कायमचे दोह्यातच राहावे.
"स्टुलावरून पडलात तर तिकडे कोण आहे उचलायला?"
"अद्याप पडलेलो नाही."
"हात थरथरतो तुमचा. मी बघतो ना."
"त्याच हाताने पंखा चालू करून दाखवतो. मग बोल."
तो हसला. "बरं. पुढच्या शुक्रवारी कॅम्पला जायचंय. तोवर पंखा चालला तर पत्र फाडतो. नाही चालला तर सही. खलास."
सौ. मेघना म्हणाली, "अहो, अण्णांशी पैजा काय लावता!"
मी पैज मान्य केली आहे. शब्द म्हणजे शब्द.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. मेघनाने तिळाच्या वड्या उत्तम केल्या.
मोटार परत छपरात बसवली. छप्पर खाली असताना पंखा फिरतो. छप्पर वर नेले की थांबतो. पुन्हा खाली, फिरतो. पुन्हा वर, थांबतो. खाली असताना आत माणूस बसू शकत नाही, मग तो फिरून उपयोग काय? चार वेळा केले. खांदा दुखतो आहे.
नात इरा शाळेतून येऊन विचारते, "आजोबा, इज इट फिक्स्ड?" मी म्हणालो, "होत आले आहे." ते खरे नव्हते.

१५ जानेवारी, गुरुवार
गाडीकडे गेलो नाही. जाऊ नये असे ठरवले होते. तरी तीन वेळा दारापर्यंत गेलो. मदिनत खलीफातील या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसते. प्रत्येक घराला उंच भिंत आणि आत एसीची घरघर. विट्यात या वेळी दुकानापुढे पंपाच्या दोन मोटारी तरी उतरलेल्या असत. येथे मला कोणी काही आणून देत नाही. चहा आणून देतात.

१६ जानेवारी, शुक्रवार
सापडले. छप्पर वर जाते तेव्हा कोपऱ्यातील तारही त्याच्यासोबत उलगडते, खाली येताना दुमडते. वर्षानुवर्षे एकाच जागी दुमडून आतील तांबे तुटले आहे, वरचे आवरण मात्र अखंड. डोळ्यांना दिसत नाही. चिमटीत धरून ओढत गेलो. जेथे तांबे नाही तेथे आवरण रबरासारखे ताणले गेले. तीच जागा. ही युक्ती पुस्तकात नसते.
दत्ता दुपारी आला. मोहोळकडचा. सनायात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, चार जणांच्या खोलीत राहतो, एसीची कामे करतो, शुक्रवारी सुट्टी असते म्हणून इकडे येतो. मी फोनवर सांगितली तशी लवचीक तार त्याने आणली. दोन पदरी, दोन्ही पदर काळे.
"काका, आमच्या सुपरवायझरला हे सापडलं नसतं. खरं सांगतो." मग म्हणाला, "पण हे बॅटरीचं काम हाय बरं का. वायर जोडताना तेवढं..."
मी त्यास मध्येच थांबवले. "तुझ्या जन्माआधीपासून मी तारा जोडतो आहे."
मेघनाने त्याला तिळगूळ दिला. जाताना माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "गोड बोला म्हणत्यात, काका."


१७ जानेवारी, शनिवार
जुनी तार काढली, नवी ओवली. दुमडते त्या जागी तारेस सैल वळण ठेवले, म्हणजे पुन्हा तुटू नये. सांधे नीट पिळून वर टेप. हात थरथरला, परंतु काम झाले.
दु. ४ वा. छप्पर पूर्ण वर. बटण दाबले. फिरला!
छप्पर अकरा वेळा खाली-वर केले. एकदाही थांबला नाही. खाली हात धरला तर तळहातास चांगला वारा लागला.
चि.स हाक मारली नाही. तो आपणहून येऊन पाहील.

१८ जानेवारी, रविवार
आला. पाहिले. "वा अण्णा!" म्हणाला आणि फोनवर बोलत आत गेला. पत्राविषयी काही नाही. मीही विचारले नाही. अट शुक्रवारपर्यंतची आहे.

२१ जानेवारी, बुधवार
रोज सकाळ-संध्याकाळ पंखा एकदा लावून पाहतो. चालतो. तरी चैन नाही. का, ते कळत नाही. काम झाल्यावर इतका अस्वस्थ पूर्वी कधी होत नसे.

२३ जानेवारी, शुक्रवार, वाळवंटातून
पश्चिमेकडे झिकरीतच्या बाजूस आलो. गाडी उभी केली, छप्पर वर, पंखा सुरू. चि.ने सर्वांसमक्ष खिशातून पत्र काढले, चार तुकडे केले आणि म्हणाला, "घ्या अण्णा! तुमचा गाळा तुमचा." इराने टाळ्या वाजवल्या. मी "ठीक आहे" एवढेच म्हणालो. मनात फार बरे वाटले. हे येथे लिहिण्यास हरकत नाही.
मेघनाने आतल्या शेगडीवर मिरच्या तळल्या. ठसका कोंडून राहिला, सगळे खोकत बाहेर. अंथरुणावर बारीक धूळ पडते आहे. वारा असल्यामुळे असावे.

२४ जानेवारी, शनिवार, सकाळ
वारा नव्हता.
नेहमीप्रमाणे उठून आतच उदबत्ती लावली. पंखा सुरू होता. धूर वर जाईना. उदबत्तीपासून निघून खाली वाकला, जमिनीस लागून पसरला.
पंखा उलटा फिरतो आहे. बाहेरची हवा आत ढकलतो आहे. त्या दिवशी तळहातास लागला तो वारा याच कारणाने. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याखाली वारा लागेलच कशाला? मी खूश झालो होतो.
बॅटरीच्या प्रवाहास दिशा असते. दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी. जुन्या तारेत एक पदर काळा, एक पांढरा होता. नव्यात दोन्ही काळे, मी खूण केली नाही. दोन तारांचा पंखा म्हणजे घरचा पंखा, कसाही जोडा, असे हाताने परस्पर ठरवले. पंपाच्या मोटारीची फिरण्याची दिशा आधी बघा, नाहीतर पाणी चढणार नाही, हे मीच शेकडो लोकांना सांगितले आहे.
दत्ता हेच सांगू पाहत होता.
बाकीचे झोपेत होते. टेप उघडून दोन तारांची अदलाबदल केली. दहा मिनिटे. धूर सरळ वर गेला.
कोणी पाहिले नाही.

२५ जानेवारी, रविवार
दत्तास फोन केला. झाले ते सांगितले, आणि मी त्या दिवशी तुला बोलू दिले नाही, ते चुकले, असेही सांगितले. हे वाक्य आधी कागदावर लिहून घेतले होते.
"अहो काका, आमच्याकडून पण होतं की! त्यात काय एवढं!"
त्याच्याकडून होते. तो पंचवीस वर्षांचा आहे. तोही चाचणी घेताना धूर धरून बघतो, असे म्हणाला. मी अकरा वेळा छप्पर हलवले आणि एकदाही काडी पेटवली नाही.

२६ जानेवारी, सोमवार
जेवण झाल्यावर चि.स सर्व सांगितले. पत्र फाडले तेव्हा पंखा नीट चालत नव्हता, सबब पैज मी जिंकलेली नाही.
तो आधी हसला. "अण्णा, फॅन फिरला ना? मग झालं."
"फिरला. चालला नाही. दोन्हींत फरक आहे."
मग म्हणाला, "अहो, पत्र मी तसंही फाडणारच होतो. पत्राचा विषय निघाला की तुमचं तोंड बघवत नव्हतं."
मेघना त्याच्याकडे रागाने पाहत होती. "बोलायचं कशाला?" असे ती हळू म्हणाली, परंतु मला ऐकू आले.
म्हणजे पैज नव्हतीच. लहान मुलाला जिंकू देतात तसे.
मी उठून खोलीत आलो.

२७ जानेवारी, मंगळवार
चि. ऑफिसला जाताना दारातून म्हणाला, "रागावलात का?" रागावलो नाही. तसे त्यास सांगितले. त्याला पटले नाही असे दिसले.
दिवसभर आत-बाहेर. एकदा वाटते, चूक मीच शोधली, मीच दुरुस्त केली. उदबत्तीच्या धुरावरून ओळखणारे किती आहेत? लगेच वाटते, तीच चूक एखाद्याच्या विहिरीवर झाली असती, पीक डोळ्यांदेखत वाळले असते, आणि मी येथे बसून स्वतःची समजूत घालतो आहे. मग पुन्हा पहिले.
मेघना चहा घेऊन आली. म्हणाली, "अण्णा, तुम्हाला काय हवंय ते सांगा ना. आम्हाला कळत नाही." मी म्हणालो, "मलाही ठरवू दे." असे मी यापूर्वी कोणास म्हटल्याचे आठवत नाही.

२८ जानेवारी, बुधवार
महिनाअखेर जवळ आली. गाळामालकास उत्तर द्यायचेच. टाइप केलेले नको. माझे पत्र मी माझ्या हस्ताक्षरात लिहितो.
सकाळी ९ वा. बसलो. मायना नीट झाला. अक्षर थरथरले नाही, थोडेसेच. "आपले पत्र पावले. विलंबाबद्दल क्षमस्व. पूर्ण विचारांती कळवितो की, मी आपला गाळा"
आता अकरा वाजले आहेत. 'सोडतो' की 'ठेवतो', पुढचा शब्द अद्याप