एकोणतिसाचा पाढा

काकती,
रविवार, ता. ९ मार्च १९१९

चि. सौ. अंजनी हिस आण्णाप्पाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. हरभरा काढून झाला. तुझ्या सासूबाईंचा गुडघा अजून धरतो, पण चूल त्यांनी सोडलेली नाही. तिकडे निपाणीत तंबाखूची गडबड असेल, भावकूला वखारीतून उसंत मिळत नसेल. वहिनीला आशीर्वाद सांग.

मायन्यात ‘सौ.’ लिहिलं ते हात चुकून नव्हे. उभी असलीस तर खाली बस.

कल्लाप्पा आला. तुझा नवरा जिवंत आहे. डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली, अंगावर मांस नाही, पण बेळगाव स्टेशनापासून चालत आला. बुधवारी दुपारी मी अंगणात मोटेचा नाडा वळत बसलो होतो. दाढीवाला एक माणूस आत आला. मी विचारलं, “कोण पायजे?” तो म्हणाला, “आप्पा, मी.” आवाज ओळखीचा वाटला, तोंड वाटेना. तुझ्या सासूबाई आतून धावत आल्या. त्यांना तोंड बघावं लागलं नाही.

भटजींना बोलावलं. ज्याचे दिवस घातले तो परत आला तर काय करायचं, असं विचारलं. ते म्हणाले, शास्त्राप्रमाणे त्याचं पुन्हा बारसं करावं लागेल. तुझ्या सासूबाई चार वर्षांत पहिल्यांदा हसल्या. “पाळण्यात मावंल का हो?” म्हणाल्या.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तीनदा टाक खाली ठेवला.

आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता त्यानं विचारलं, “अंजनी?” मी म्हणालो, “माहेरी गेली आहे. भावजयीचं बाळंतपण आहे.” तुझ्या सासूबाईंनी मान खाली घातली. चार दिवस त्या मान खाली घालूनच भाकऱ्या थापत होत्या. आणि तो रोज विचारायचा, “कवा येनार?”

तुला सगळं आठवत असेल. तरी मी कसं केलं ते मला माझ्या हातानं लिहू दे.

चार वर्षांमागं कल्लाप्पा लढाईवर गेला. बसऱ्याच्या वर कुतला त्याची पलटण तुर्कांच्या हाती पडली आणि सरकारी कागद आला, ‘बेपत्ता’. त्यानंतर पावणेदोन वर्षं ओळ नाही. गेल्या वर्षीच्या पौषात मी पाटी घेतली. किती धरले गेले, वाटेत किती मेल्याचं वर्तमानपत्रात आलं, आपल्या भागातल्या किती जणांची कैदेतून कार्डं आली, यावरून कार्ड न आलेल्यांतले किती जगले असतील ते काढलं. उत्तर आलं, शंभरात चार. मी सगळ्यांना सांगितलं, कल्लाप्पा गेला. भटजी म्हणाले होते, बेपत्त्याची बारा वर्षं वाट बघतात. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला बारा वर्षं कशाला लागतात, असं मी त्यांना ऐकवलं. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला.

आणि तुला बांगड्या फोड म्हणालो.

तू म्हणालीस, “मामंजी, त्ये हाईत. खजुराच्या रानात शेळ्या राखत्यात. एक म्हातारी त्यास्नी जवाची भाकरी देतीया.”

तुला लिहायवाचायला मीच शिकवलं. तेव्हापासून तुझी ही खोड मला ठाऊक होती. दहा मजूर एक भिंत बारा दिवसांत बांधतात, असं गणित घातलं की तू विचारायचीस, “त्यांतलं कोन आजारी न्हाय का पडलं?” मला राग यायचा. त्या दिवशीही आला. मी ओरडलो, “ही तुझी कल्पना आहे. पुरावा काय?” त्यावर तू हळू बोललीस, “मला बी रोज त्यांचं मढं दिसतंय, मामंजी. फकस्त त्ये मी कुनाला सांगत न्हाय.”

हे मी ऐकलं होतं, अंजनी. तरी भावकूला निरोप धाडला, बहिणीला घेऊन जा, खोट्याला या घरात जागा नाही.

तुला हेही कळलं पाहिजे की ‘ते आहेत’ एवढं सोडून तुझं एक अक्षर खरं निघालं नाही. तो ना खजुराच्या रानात होता ना त्याला कुणी म्हातारी भेटली. तुर्कांच्या मुलखात डोंगरात आगगाडीचा बोगदा खणत होता, बर्फात. मी शेळ्यांचं सांगितलं तेव्हा खूप हसला. म्हणाला, “शेळी गावली असती तर खाल्ली असती.”

आणि माझी पाटी मी काल पुन्हा मांडली. एक आकडा चुकलेला नाही. शंभरात चार. मग त्या चौघांचं मी काय केलं? पुसून टाकलं. पुसायला मला कुठल्या गणितानं सांगितलं नव्हतं. खरं असं की पाटी घेण्याच्या कितीतरी आधीपासून तो मला वाळूत पालथा पडलेला दिसत होता. तसं रोज बघणं सोसेना. एकदाचं संपावं म्हणून मी आकडे मांडले, आणि माझ्या भयाला बुद्धी म्हणालो. तू मनानं रचत होतीस ते तुला कळत होतं. मी रचत होतो ते मला कळलं नाही.

पण म्हणून मी बुद्धीला नावं ठेवत नाही. तुर्क त्यांना वाळवंटातून चालवत नेत होते तेव्हा तो काय करत होता ठाऊक आहे? पाढे म्हणत होता. मी पाठ करून घेतलेले. “एकोनतिसाचा बरोबर आला की समजायचं, डोस्कं अजून ठिकानावर हाय. चुकला की पुन्ना पयल्यापास्नं.” मी विचारलं, “आणि अंजनीची आठवण?” लाजला. म्हणाला, “ती मनात आली की पाढा चुकायचा. मग चुकू द्यायचा.”

आज सकाळी त्याला सगळं सांगितलं. बाळंतपण खोटं, बांगड्या फोडायला सांगितलं ते खरं. तो उठून गोठ्यात गेला. बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. परत येऊन म्हणाला, “तिकडं हिकडच्या तापाच्या साथीचं ऐकलं तवा मी बी तुमा दोघांस्नी मेल्यालं धरलं हुतं, आप्पा. दिवस तेवडं घातलं न्हाईत.” मग म्हणाला, “पर तिला तुमी घालवलं, त्ये तुमी तिला लिवा.”

ते हे लिहिलं. चार वर्षांत आज पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला.

इकडे यायचं की नाही ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तर आपण तिकडेच वखारीत काम बघू, असं तो मला तोंडावर सांगून निघाला आहे. मला बरं वाटलं.

होय, निघाला आहे. हे वर लिहिलं असतं तर तू बाकीचं वाचलंच नसतंस, म्हणून मागं ठेवलं. तेवढी लबाडी माझी शेवटची. पत्र टपालानं आलेलं नाही. शेजारच्या भरमाच्या बैलगाडीतून त्यानंच आणलं. एकदम समोर गेलो तर भिईल ती, म्हणाला, म्हणून भावकूच्या हाती आत पाठवायचं ठरलं. तू ही ओळ वाचत असशील तेव्हा तो बाहेर रस्त्यावर उभा असेल. बसत नाही तो, मला माहीत आहे. आणि त्याचा पाय दुखतो.

जा, पोरी.

तुझा अपराधी मामंजी,
आण्णाप्पा